जुना एअर कॉम्प्रेसर विकत घेताय? आधी टाकीच्या आत डोकावून बघा

मागच्या वर्षी पुण्याचं भाडं वाचवायला मी घरून काम करायची परवानगी घेतली आणि विष्णुपुरीला परत आलो. दिवसभर कोड लिहायचा आणि संध्याकाळी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काहीतरी ठोकाठोक करायची, असा दिनक्रम सुरू झाला. शेडमध्ये ड्रिल होतं, ग्राइंडर होता. कमी होती ती हवेची. जुन्या कपाटांना स्प्रेने रंग द्यायचा होता, गाड्यांच्या चाकात हवा मारायची होती, कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधली धूळ उडवायची होती.

नवीन कॉम्प्रेसरच्या किमती बघून मी जुन्याकडे वळलो. लातूर रोडवरचं एक पंक्चरचं दुकान बंद होत होतं. तिथे दीड एचपीचा, दोन सिलिंडरचा, 100 लिटर टाकीचा कॉम्प्रेसर मिळाला. दुकानदार म्हणाला, "काही नाही भाऊ, फक्त बेल्ट टाका, पळतंय बघा." मी घेतला. या लेखात त्याचं पुढे काय झालं ते सांगतो, आणि ते सांगता सांगता हे मशीन चालतं कसं तेही. कारण जुन्या कॉम्प्रेसरमध्ये जे बिघडलेलं दिसतं ते बहुतेक वेळा स्वस्तात दुरुस्त होतं. जे दिसत नाही, ते महाग पडतं.

आत नक्की काय चालतं?

सायकलचा पंप डोळ्यांसमोर आणा. दट्ट्या वर ओढला की हवा आत येते, खाली दाबला की ती चाकात जाते. कॉम्प्रेसरचा पंप हेच करतो, फक्त दट्ट्याच्या जागी पिस्टन असतो आणि हाताच्या जागी मोटार. सिलिंडरच्या डोक्यावर स्टीलच्या पातळ पट्ट्यांचे दोन वॉल्व्ह असतात. एक हवा आत घेतो, दुसरा बाहेर सोडतो. त्यांना उघडायला कुठलंही बटण नाही, कॅमशाफ्ट नाही. हवेच्याच दाबाने ते उघडतात आणि मिटतात.

बाहेर पडलेली हवा एका एकदिशा वॉल्व्हमधून टाकीत जाते. दुकानात त्याला सगळे एनआरव्ही म्हणतात. टाकीवर प्रेशर स्विच असतो. माझा 8 किलोला मोटार बंद करतो आणि दाब 6 किलोवर उतरला की पुन्हा चालू करतो. (किलो म्हणजे किलो प्रति चौरस सेंटीमीटर. 8 किलो म्हणजे साधारण 114 पीएसआय.) तुमचा मोबाइल चार्जरवर राहिला तर 100 टक्क्यांना चार्जिंग थांबतं आणि थोडं खाली आल्यावर परत सुरू होतं, तशीच ही सोय आहे. चालू आणि बंद करायचा आकडा एकच ठेवला असता तर मोटार दर दोन सेकंदांनी चालू-बंद होत राहिली असती.

स्विच बंद होताना "फुस्स" असा आवाज येतो, तो बिघाड नाही. पंप आणि एनआरव्ही यांच्यामधल्या नळीत अडकलेली हवा सोडून दिली जाते, म्हणजे पुढच्या वेळी मोटारीला दाबाविरुद्ध सुरू व्हावं लागत नाही. हा फुस्स आला नाही, किंवा एनआरव्ही गळका असला, तर मोटार नुसती गुंगुं करते आणि फिरत नाही. आपल्याकडे व्होल्टेज उतरलेलं असताना तर हमखास. लोक मोटार जळाली समजून रिवाइंडिंगला नेतात, आणि दोष असतो शे-दोनशे रुपयांच्या वॉल्व्हचा.

मोबाइलने घेतलेली परीक्षा

दुकानातच मी एक गोष्ट केली होती. टाकी पूर्ण रिकामी करून मशीन चालू केलं आणि गेजचा व्हिडिओ काढला. शून्यापासून 8 किलोला जायला 13 मिनिटं लागली.

यातून पंपाची खरी ताकद काढता येते. 100 लिटरच्या टाकीत 8 किलोचा दाब म्हणजे बाहेरची साधारण 800 लिटर हवा आत कोंबली. 800 भागिले 13, म्हणजे मिनिटाला 61-62 लिटर. एक घनफूट म्हणजे 28.3 लिटर, म्हणून हे झालं जेमतेम 2.2 सीएफएम. दीड एचपीच्या मशीनकडून 4 च्या आसपास अपेक्षा असते, म्हणजे पंप जवळपास अर्ध्या ताकदीवर होता. (भरताना हवा तापते आणि गेज थोडं जास्त दाखवतं. थंड झाल्यावर काटा जरा उतरतो. अंदाजासाठी एवढं चालतं.)

आणखी एक सावधगिरी: विकणारे जो सीएफएम सांगतात तो पुष्कळदा पिस्टनच्या मापावरून काढलेला असतो, त्याला डिस्प्लेसमेंट म्हणतात. प्रत्यक्षात हातात येणारी हवा त्यापेक्षा बरीच कमी असते. स्प्रे गनला किती सीएफएम लागतो ते आधी बघा आणि मगच एचपी बघा. चाकात हवा मारायला अगदी छोटा पंपही पुरतो, पण रंगकाम हवा पिऊन टाकतं.

तो व्हिडिओ काढताना मी टाकीपासून दोन फुटांवर उभा होतो. रात्री घरी दुकानात काढलेले फोटो मोठे करून बघितले, तेव्हा एका फोटोत दिसलं की सेफ्टी वॉल्व्हच्या जागी टेफ्लॉन टेप गुंडाळलेला एक साधा बोल्ट आवळलेला आहे.

सेफ्टी वॉल्व्ह म्हणजे प्रेशर कुकरच्या झाकणावरचा सेफ्टी प्लग समजा. प्रेशर स्विच चिकटला आणि मोटार थांबलीच नाही, तर हा स्प्रिंगचा वॉल्व्ह आपोआप उघडून हवा सोडतो. तो गळायला लागला असेल, आणि कोणीतरी नवीन आणण्याऐवजी बोल्ट मारून मोकळा झाला. म्हणजे तो कॉम्प्रेसर कितीतरी दिवस एका स्विचच्या भरवशावर चालत होता. वॉल्व्ह किंवा स्विच, दोन्हीपैकी काहीही बंद करून ठेवलेलं दिसलं तर मशीन चालू करूनच बघू नका. मी ते उलट्या क्रमाने केलं.

पंप: इथे तुम्ही कमावता

काम सुरू करण्याआधी प्लग काढला आणि ड्रेन कॉक उघडून टाकी पूर्ण रिकामी केली. वीज बंद केली तरी टाकीत हवा असते, हे कॉम्प्युटरवाल्यांच्या लवकर लक्षात येत नाही. आपल्याला स्विच बंद म्हणजे सगळं बंद वाटतं. मोटारीच्या कपॅसिटरलाही हेच लागू.

पंप खोलताना प्रत्येक पायरीचा फोटो घेतला. वॉल्व्हच्या पट्ट्या उलट्या बसवल्या तर पंप हवा ओढतच नाही आणि आठ दिवसांनी कुठली बाजू वर होती ते कोणालाच आठवत नाही. हेड उघडल्यावर अर्धं कोडं सुटलं. वॉल्व्हवर काजळीचा जाड थर होता, पट्ट्या नीट मिटतच नव्हत्या. डिझेलमध्ये रात्रभर भिजवून, पितळी ब्रशने घासून साफ केलं. एक पट्टी कडेला तडकलेली होती, ती बदलली. रिंगा टाकल्या, हेडचं पॅकिंग नवं घेतलं. आपल्याकडच्या या मशिनांचा एक फायदा आहे. पुण्याची किर्लोस्कर न्यूमॅटिक 1958 पासून आणि कोइम्बतूरची एल्जी 1960 पासून या धंद्यात आहे, आणि इतरही अनेकांचे पंप ठरावीक मापांचे असतात, त्यामुळे जुन्या पंपाचे भागही सहसा मिळून जातात.

काजळी आली कुठून? तेलातून. पंक्चरच्या दुकानात सर्रास गाडीचं इंजिन ऑइल टाकतात. त्यात घाण आणि पाणी धरून ठेवणारे घटक मिसळलेले असतात. इंजिनात ते उपयोगी, कारण तिथे ऑइल फिल्टर असतो. कॉम्प्रेसरच्या छोट्या पंपात फिल्टर नसतो, आणि गरम वॉल्व्हवर त्याचा थर बसतो. कॉम्प्रेसरचं तेल वेगळं मिळतं, डब्यावर व्हीजी 68 किंवा व्हीजी 100 असं लिहिलेलं असतं. कुठलं घ्यायचं ते मशीनच्या कंपनीने सांगितलेलं घ्या. तेल रिकामं करताना फोटो काढून ठेवा. दुधाळ दिसलं तर पाणी मिसळलंय, चकाकी दिसली तर बेअरिंग खातंय.

बेल्ट मात्र खरोखरच बदलायचा होता, त्या बाबतीत दुकानदार खरं बोलला होता. एकच टीप देतो: पंपाच्या चाकाच्या आऱ्या पंख्यासारख्या असतात आणि त्या सिलिंडरवर वारा मारतात. मोटार उलटी फिरली तर पंप हवा देत राहतो पण थंड होत नाही. चाकावरचा बाण बघा.

टाकी: इथे डाव उलटतो

ड्रेन कॉकमधून निघालेलं पाणी चहासारखं होतं. हे पाणी येतं कुठून, हा प्रश्न मला पूर्वी पडलाच नव्हता. पाऊसकाळात 30 अंशाला 60 टक्के आर्द्रता असेल तर एक घनमीटर हवेत साधारण 18 ग्रॅम पाण्याची वाफ असते. ती हवा नऊपट दाबून थंड झाली की तिच्यात जेमतेम साडेतीन ग्रॅम मावते. उरलेलं पाणी होऊन तळाला बसतं. मिनिटाला 100 लिटर हवा देणारं मशीन तासभर चाललं की 85-90 ग्रॅम पाणी, म्हणजे चहाचा एक छोटा कप. रोज सोडलं नाही तर ते तिथेच राहतं आणि टाकी आतून, फक्त तळाला, गंजत जाते. वरून रंग चकचकीत असतो.

आत बघायला मी मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा मागवला. काही शे रुपयांत मिळतो. लांब वायरच्या टोकाला बटणाएवढा कॅमेरा आणि छोटे दिवे. टाकीच्या बाजूचा प्लग काढून तो आत सोडला. वरचा भाग ठीक होता. तळाला मात्र एक रुंद तांबडा पट्टा, त्यात पापुद्रे आणि खड्डे. खड्डे किती खोल हे कॅमेऱ्यात कळत नाही. त्याला दुसरी परीक्षा लागते.

ती परीक्षा पाण्याची. टाकी काठोकाठ पाण्याने भरायची आणि हाताच्या पंपाने दाब वाढवत न्यायचा. पाइपलाइन तपासायला प्लंबर वापरतात तोच पंप. हवेनेच का नाही तपासायचं? कारण हवा दाबली जाते आणि स्प्रिंगसारखी ऊर्जा साठवते. 100 लिटर टाकीत 8 किलोला साठलेली ऊर्जा साधारण एक लाख ज्यूल भरते. हजार किलोची मोटार ताशी 50 किलोमीटरने धावते तेव्हा तिच्यात जेवढी असते तेवढी. पाणी जवळपास दाबलंच जात नाही. म्हणून पाण्याने भरलेली टाकी फुटली तर पाणी उडतं आणि काटा शून्यावर येतो, बस. अट एकच, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. त्यासाठी टाकी तिरपी करून सगळ्यात वरच्या तोंडातून भरायची.

टाकीवरची पाटी रंगाखाली गेली होती. थिनरने पुसली तेव्हा वाचता आली: कामाचा दाब 10 किलो, चाचणीचा दाब 15 किलो. सिडकोतला माझा गॅरेजवाला मित्र पंप घेऊन आला. 8 गेला, 10 गेला. 12 किलोला काटा थांबला. आम्ही पंप मारत होतो आणि काटा पुढे जात नव्हता. खाली वाकून टॉर्च मारला तर मागच्या पायाच्या वेल्डिंगजवळ घाम आल्यासारखा ओला ठिपका.

"आठवरच चालवायचंय ना?"

त्या दिवशी लोह्याहून मामा आले होते. आयुष्यभर विहिरीवरच्या मोटारी स्वतः दुरुस्त केलेला माणूस. त्यांनी ठिपका बघितला आणि म्हणाले, "एवढंच? अरे, वेल्डिंगचा एक टाका मार. आणि तू आठवर चालवणार, बारापर्यंत तर टिकली की. पंधराचं काय घेऊन बसलास?"

खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. पंप झकास झाला होता, आणि नवीन टाकी म्हणजे केलेली सगळी बचत पाण्यात. मामांचा मुद्दा चुकीचाही वाटत नव्हता. मग कागद घेऊन बसलो.

गोल टाकीच्या पत्र्यावर येणारा ताण काढायचं सूत्र सोपं आहे: दाब गुणिले व्यास, भागिले जाडीची दुप्पट. व्यास 350 मिलिमीटर, पत्रा 3 मिलिमीटर, दाब 8 किलो. ताण येतो साधारण 46 मेगापास्कल. साधं पोलाद 250 च्या आसपास ताणून वाकायला लागतं, म्हणजे पाचपट राखीव आहे. आता गंजून तळाचा पट्टा 1 मिलिमीटर राहिला असं धरा. ताण 137 होतो, राखीव दुपटीच्याही खाली. आणि हा हिशोब सपाट पत्र्याचा आहे. खड्ड्याच्या तळाशी आणि वेल्डिंगच्या कडेला ताण याहून जास्त असतो. त्यात टाकी दिवसातून वीस वेळा 6 ते 8 अशी फुगते आणि उतरते.

मामांना मी म्हणालो, "मामा, बारावर टिकली ती आजची गोष्ट. गंज उद्या थांबणार नाही. दिवाळीत किती जाडी उरली असेल ते आपल्याला दिसणार कुठे?"

"मग टाका मारला की झालं जाड."

"जिथे भोक दिसलं तिथे जाड होईल. बाजूचा पत्रा तसाच कागदासारखा राहील, आणि वेल्डिंगची उष्णता त्यालाच लागेल."

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शेडच्या भिंतीपलीकडं तुझ्या आईची चूल हाय." एवढंच. आणि चहा प्यायला आत गेले.

कारखान्यात हा निर्णय माणसाच्या मर्जीवर सोडलेला नाही. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाने अधिनियमात दाबाच्या यंत्रसामग्रीसाठी कलम 31 होतं, आणि अशा टाक्यांची ठरावीक काळाने तपासणी करून घ्यावी लागते. घरच्या शेडमध्ये विचारायला कोणी येत नाही. इथे तपासनीस आपणच.

आणि मग

स्पेअर पार्टच्या दुकानातून चाचणीचा दाखला असलेली नवी 100 लिटरची टाकी मागवली. नवा सेफ्टी वॉल्व्ह, नवा एनआरव्ही, नवं गेज. सगळं धरून खर्च नवीन मशीनच्या पाऊण किमतीपर्यंत गेला. स्वस्तात पडलं असं मी म्हणणार नाही. तुम्ही घेणार असाल तर सौदा करताना टाकीची किंमत शून्य धरा आणि पंप आणि मोटारीचेच पैसे द्या.

वायरिंगमध्ये दोन गोष्टी. दीड एचपीची सिंगल फेज मोटार चालताना 9-10 अँपिअर घेते आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे 16 अँपिअरचा सॉकेट, नीट अर्थिंग आणि शॉकपासून वाचवणारा आरसीसीबी. लांब एक्स्टेंशन बोर्ड लावू नका, त्यात व्होल्टेज पडतं. वायर छोटी ठेवा आणि हवेची नळी लांब घ्या. शेडमध्ये हवेची लाइन टाकायची असेल तर पाण्याचा पीव्हीसी पाइप वापरू नका. हवेच्या दाबाने तो फुटला तर काचेसारखे तुकडे उडतात.

जोडणी झाल्यावर सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं. दोन ठिकाणी बुडबुडे आले, पुन्हा आवळले. मग पुन्हा तोच व्हिडिओ, या वेळी मोबाइल स्टँडवर आणि मी दाराबाहेर. शून्य ते 8 किलो: 7 मिनिटं. 114 लिटर मिनिटाला, म्हणजे 4 सीएफएम.

आता मित्र येतात आणि मोबाइलचं स्पीकर उडवून दे म्हणतात. नाही. आयपी68 लिहिलेला फोन पाण्यात बुडवून तपासलेला असतो, हवेच्या झोतासाठी नाही. माइक आणि स्पीकरच्या मागे पातळ पडदे असतात, ते फाटतात. अॅपलने तर आयफोनवर दाबाची हवा मारू नका असं स्पष्टच लिहिलंय. कॅबिनेटवर चालेल, पण दाब कमी करून, लांबून आणि पंख्याची पाती बोटाने धरून. माणसाच्या अंगावर तर गमतीतही नाही. पाइप लावून केलेल्या मस्करीत आतडी फाटून जीव गेल्याच्या बातम्या आपल्या देशात पुन्हा पुन्हा आल्या आहेत. अमेरिकेत तर नुसत्या साफसफाईच्या हवेलाही कायद्याने 30 पीएसआयची मर्यादा आहे.

जुनी टाकी राहिली होती. भंगारवाला बघून गेला आणि म्हणाला, "भैया, अख्खी देता का? जास्त देतो, गिऱ्हाईक आहे." रंग मारून ती पुन्हा कुठल्यातरी दुकानात उभी राहणार, हे त्याला आणि मला दोघांनाही माहीत होतं. सगळे प्लग काढून ग्राइंडरने तिचे मधोमध दोन तुकडे केले आणि भंगाराच्या भावाने दिली. कापलेल्या कडेवर व्हर्निअर लावून बघितला: वरच्या बाजूला 2.8 मिलिमीटर, तळाला एका जागी 0.9. तो फोटो मी मामांना व्हॉट्सअॅपवर पाठवला. त्यांचा उत्तरादाखल फक्त अंगठा आला.

नव्या टाकीच्या ड्रेन कॉकखाली अर्धी कापलेली बाटली ठेवली आहे. काम संपलं की कॉक उघडतो. जुलैत रोज बोटभर पाणी निघत होतं, उन्हाळ्यात जवळपास काहीच नाही. रंग अजून स्वच्छ आहे.